हरवलेला पासपोर्ट आणि वाटेवरचा माणूस

रमजान सुरू झाला की अंधेरीच्या सहार विमानतळावर इहराममधले प्रवासी दिसू लागतात. जेद्दाहला जाणाऱ्या विमानात मीकातची हद्द वाटेत, आकाशातच ओलांडली जाते. म्हणून उमऱ्याला निघालेले पुरुष बहुधा मुंबईतूनच दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे नेसून निघतात. इहरामला खिसा नसतो. पासपोर्ट, तिकीट, थोडे रियाल हे सगळे कमरेच्या पट्ट्यात किंवा गळ्यातल्या छोट्या पिशवीत असते. त्याच टर्मिनलमधून वर्षभर वेल्डर, सुतार, ड्रायव्हर आणि स्वयंपाकीही रियाध, दोहा, दुबईची विमाने पकडतात. त्यांच्याकडेही तीच निळी पुस्तिका असते. पुस्तिका एकच असली, तरी परदेशात ती हरवली तर दोघांच्या वाट्याला येणारे दिवस सारखे नसतात. कोणाचा प्रश्न चार दिवसांत सुटतो, कोणाचा चार महिने लोंबकळतो, तर कोणाची वर्षेच्या वर्षे जातात. हा फरक नशिबाचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. कागद कोणाच्या हातात होता, त्याची नोंद कुठे होती आणि घरी कोण धावपळ करू शकत होते, यावर तो ठरतो.

हरवल्यानंतरची वाट

आधी साधे उदाहरण घेऊ. एखाद्या यात्रेकरूची पिशवी मक्केच्या गर्दीत हरवली, तर पहिली पायरी स्थानिक पोलिसांची. पासपोर्ट हरवल्याची नोंद आणि तिची प्रत हाती आल्याशिवाय पुढे काही हलत नाही. दुसरी पायरी भारतीय वकिलातीची. मक्का आणि मदिना ही दोन्ही शहरे जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. तिथे दोन पर्याय असतात. एक, नवा पासपोर्ट. त्यासाठी मूळ नोंदी तपासाव्या लागतात आणि वेळ जातो. दुसरा, इमर्जन्सी सर्टिफिकेट. आखातात कामाला असलेली माणसे याला ‘आउटपास’ म्हणतात. हा कागद फक्त भारतात परतण्यापुरता असतो. त्यावर तिसऱ्या देशात जाता येत नाही आणि भारतात पोचल्यावर त्याचे काम संपते.

तिसरी पायरी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वकिलातीचा कागद मिळाला म्हणजे विमानात बसता येईल असे नाही. ज्या देशात माणूस आहे, त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचीही खात्री पटावी लागते. हा माणूस कधी आला, कोणत्या व्हिसावर आला, मुदत संपली का, त्याच्यावर खटला किंवा दंड आहे का, हे पाहूनच बाहेर पडण्याची परवानगी मिळते. हरवलेल्या पासपोर्टबरोबर व्हिसाचा पुरावाही जातो. ही अडचण अलीकडे थोडी कमी झाली आहे. संयुक्त अरब अमिरातीने एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर निवासी व्हिसा चिकटवणे थांबवले आणि एमिरेट्स आयडीलाच तो मान दिला. सौदी अरेबियानेही २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसाचे स्टिकर बंद करून क्यूआर कोडचा कागद आणला. नोंद संगणकात असली की पुस्तिका गेली तरी माणूस नोंदीतून पुसला जात नाही.

पण संगणकाची नोंद ही पुन्हा एक किल्लीच असते आणि ती कुठे लावायची हे माहीत असावे लागते. ब्रिटनमधले निवासी परवान्याचे प्लास्टिक कार्ड ३१ डिसेंबर २०२४ ला इतिहासजमा झाले. आता तिथे ई-व्हिसा आहे. कार्ड हरवण्याची भीती गेली, पण नवा पासपोर्ट काढला तर त्याचा क्रमांक त्या ऑनलाइन खात्याशी जोडण्याची जबाबदारी प्रवाशाची. अमेरिकेचा कारभार आणखी वेगळा. तिथे असताना व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट हरवला तर तिथे राहता येते, कारण आगमनाची नोंद वेगळी असते. मात्र हरवलेला व्हिसा अमेरिकेत राहून बदलून मिळत नाही. एकदा देशाबाहेर पडले की परत जाण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. सुट्टीत घरी आलेल्या एखाद्या इंजिनीअर मुलाची बॅग अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षात राहिली, तर त्याला आधी नवा पासपोर्ट आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीची रांग, अशा दोन्ही दिव्यांतून जावे लागते. तोवर तिकडची नोकरी टांगणीला लागलेली.

एक चूक सर्रास होते. पासपोर्ट हरवल्याची तक्रार नोंदवली जाते, चार दिवसांनी तो सुटकेसच्या अस्तरात सापडतो आणि माणूस आनंदाने तोच घेऊन विमानतळावर जातो. तसे करून चालत नाही. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो आणि नंतर सापडला तरी जिवंत होत नाही. चोरीच्या आणि हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांची इंटरपोलची माहिती-पेढी २००२ पासून चालू आहे. अशा पासपोर्टवर प्रवास करणारा कुठल्याही देशाच्या काउंटरवर अडकू शकतो. म्हणून तक्रार देण्याआधी नीट शोध घ्यावा आणि एकदा तक्रार दिली की जुना पासपोर्ट विसरावा.

भारतात परतल्यावर नवा पासपोर्ट काढताना पोलिसांतली नोंद आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. हरवलेल्याच्या बदली घ्यायचा तर ३,००० आणि तत्काळमध्ये ५,०००. उपनगरातल्या लोकांसाठी अंधेरी आणि मालाडची पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्याचे उद्घाटन केले. पासपोर्ट कार्यालय आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांचे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे कार्यालय तिथे एकाच छताखाली आले. या दोन खिडक्या शेजारी असणे योग्यच आहे, कारण आखाती कामगाराच्या बाबतीत पासपोर्टचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

हरवलेला नव्हे, ठेवून घेतलेला

मरोळ, साकीनाका, जुहू गल्ली किंवा गिल्बर्ट हिलच्या वस्त्यांत आखातात कोणी ना कोणी असलेली घरे थोडी नाहीत. कोकणातल्या रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम कुटुंबांत तर ही वाट दोन-तीन पिढ्यांची आहे. या घरांत ‘पासपोर्ट नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘हरवला’ असा नसतोच. तो कफीलकडे असतो. आखातातल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या जबाबदारीवर मिळतो. विमानतळावरून खोलीवर पोचल्यावर पहिल्याच दिवशी ‘कागद जमा करा’ असे सांगितले जाते. इकामा काढायचा आहे, सुरक्षित राहील, ही कारणे. पुढे नोकरी बदलायची झाली, पगार थकला, घरी कोणी आजारी पडले, तेव्हा कळते की पासपोर्ट मालकाच्या कपाटात बंद आहे.

हे त्या देशांच्या कायद्यातही बसत नाही. कतारने २०१५ च्या कायद्यात पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या मालकाला २५,००० रियालपर्यंत दंडाची तरतूद केली. कुवेतने २००७ मध्ये मंत्रालयाच्या आदेशाने ही प्रथा बंद केली. अमिराती आणि सौदीतही मनाई आहे. भारताचा १९६७ चा पासपोर्ट कायदा तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या १७ व्या कलमानुसार पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे कफील ज्या कपाटाला कुलूप लावतो, त्यात एका परक्या देशाच्या सरकारची वस्तू असते.

कायदा असूनही प्रथा टिकते, कारण तक्रार करणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. मालकाविरुद्ध उभा राहिलेला कामगार ‘पळून गेला’ अशी उलट नोंद मालक करू शकतो. सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात. ही नोंद झाली की इकामा निरुपयोगी होतो आणि माणूस बेकायदा ठरतो. अशा वेळी काही जण सोपा मार्ग शोधतात. मालकाकडे असलेला पासपोर्ट ‘हरवला’ असे सांगून आउटपास मागतात. त्यामागची हतबलता समजण्यासारखी आहे, पण मार्ग धोक्याचा आहे. पासपोर्ट मिळवण्यासाठी खोटी माहिती देणे हा भारतीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय ‘हरवला’ म्हटल्यावर मालकाचा अपराध कागदावरून नाहीसा होतो. ‘मालकाने ठेवून घेतला आहे’ हे वकिलातीला लेखी सांगणेच कामगाराच्या हिताचे. त्यातूनच थकीत पगाराच्या मागणीलाही आधार मिळतो.

अशा अडकलेल्या माणसांसाठी आखाती सरकारे मधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. सौदीने मार्च २०१७ मध्ये ९० दिवसांची मुदत दिली होती. अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून अशी योजना सुरू केली आणि ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मुदत संपलेल्या व्हिसावर राहिलेल्यांना दंड न भरता एकतर कागद नियमित करण्याची किंवा देश सोडण्याची संधी मिळाली. पण माफी घ्यायलाही हातात प्रवासाचा कागद लागतो. माफी असूनही आउटपास वेळेत न मिळाल्याने संधी हुकणे, यासारखा जुलूम नाही.

मदतीची साधने नाहीत असे नाही. २००९ पासून परदेशातल्या भारतीय वकिलातींकडे ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ आहे. २०१७ मध्ये त्याचे नियम सैल करण्यात आले. संकटात सापडलेल्याची तात्पुरती राहण्याची सोय, परतीचे तिकीट, कायदेशीर मदत, मृतदेह मायदेशी आणणे, यासाठी तो वापरता येतो. २०१५ पासून ‘मदद’ हे तक्रारीचे पोर्टल आहे आणि भारतात बसलेल्या नातेवाइकालाही त्यावर तक्रार नोंदवता येते. १८ देशांत कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या कामगारांना एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. ती कटकट नाही, संरक्षण आहे. त्यामुळे नोकरीचा करार सरकारी नोंदीत राहतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचे कवच मिळते. अपघाती मृत्यू झाल्यास त्यात कुटुंबाला १० लाख रुपये मिळतात आणि दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये असतो. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. ‘क्लिअरन्स कशाला, व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो,’ असे सांगणारा एजंट या सगळ्यातून माणसाला पहिल्याच पावलाला बाहेर काढतो. पुढे पासपोर्ट गेला, तर तो माणूस त्या देशात कामगार म्हणून आला होता याची नोंद कुठल्याच सरकारकडे नसते.

वर्सोवा आणि कुर्ला

कागदांशिवाय परक्या भूमीवर सापडलेल्या माणसाचे काय होते, हे अंधेरीला फार जवळून माहीत आहे. वर्सोव्यात राहणारा तरुण अभियंता हामिद निहाल अन्सारी नोव्हेंबर २०१२ मध्ये काबूलला गेला आणि तिथून व्हिसाशिवाय पाकिस्तानात शिरला. कोहाटमध्ये तो पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ खोटे पाकिस्तानी ओळखपत्र होते. त्यानंतर तो जणू नाहीसा झाला. तो जिवंत आहे आणि लष्कराच्या ताब्यात आहे, ही कबुली पेशावर उच्च न्यायालयात यायला जानेवारी २०१६ उजाडले. लष्करी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली होती. हामिदने नियम मोडला होता, यात वाद नाही. पण नियम मोडणाऱ्यालाही आपल्या देशाच्या प्रतिनिधीला भेटण्याचा हक्क असतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात मे २००८ मध्ये झालेल्या करारात अटकेनंतर तीन महिन्यांत ही भेट मिळावी, असे म्हटले आहे. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्याही याच कराराने. हामिदच्या बाबतीत भारताने वारंवार मागूनही ही भेट मिळाली नाही.

शिक्षा १५ डिसेंबर २०१८ ला संपत होती. तरीही त्याच्या परतीचे कागद तयार नव्हते. दोन दिवस आधी पेशावर उच्च न्यायालयाला हा प्रश्न हाती घ्यावा लागला. न्यायालयाने सरकारला औपचारिकता पूर्ण करायला महिन्याची मुदत दिली. १८ डिसेंबरला हामिद वाघा सीमेवरून भारतात आला. त्याची आई फौजिया अन्सारी यांनी सहा वर्षे पत्रे, अर्ज, वकील, पत्रकार यांचा पाठपुरावा सोडला नव्हता. सीमेपलीकडच्या वकिलांनी आणि पत्रकारांनीही जोखीम पत्करून साथ दिली. सरकारी यंत्रणा हलते, पण तिला हलवत राहणारे घरात कोणी असावे लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२४ मधली, कुर्ल्याच्या एका महिलेची. घर चालवण्यासाठी त्यांनी पूर्वी कतारमध्येही काम केले होते. २००२ मध्ये एका एजंटाने दुबईत स्वयंपाकिणीची नोकरी देतो असे सांगितले आणि त्यांना नेऊन सोडले पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादला. पुढची बावीस वर्षे त्या तिथेच राहिल्या. २०२२ मध्ये एका पाकिस्तानी यूट्यूबरने त्यांची मुलाखत प्रसारित केली, ती कुर्ल्यात पोचली आणि मुलांनी आई ओळखली. घरच्यांनी ओळखायला एक चित्रफीत पुरली. दोन सरकारांना ओळख पटून प्रवासाचे कागद मिळायला त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ लागला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याही वाघ्यावरूनच परतल्या. त्यांचा पासपोर्ट हरवला नव्हता. त्यांची वाटच एजंटाने चोरली होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातले तिघे होते. दूरच्या देशाचे स्वप्न विकणाऱ्यांचा धंदा अजून जोरात आहे, एवढे त्यावरून कळावे.

ओळख घरच्या पेटीत असते

वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. माणूस परदेशात अडकतो, पण तो कोण आहे याचा पुरावा भारतात, घराच्या पेटीत असतो. वकिलातीला पासपोर्टचा क्रमांक मिळाला तर नोंद लगेच शोधता येते. क्रमांकच माहीत नसेल तर राष्ट्रीयत्वाची खातरजमा राज्य सरकार आणि पोलीस यांच्यामार्फत घराच्या पत्त्यापर्यंत येते. पत्ता भाड्याच्या खोलीचा असेल, झोपडी पुनर्विकासात पाडली गेली असेल, शेजारी बदलले असतील, तर ही खातरजमा रेंगाळते. अंधेरीतली निम्मी वस्ती आज एका इमारतीच्या पायावर तर उद्या संक्रमण शिबिरात अशी फिरत असते. पोलीस जुन्या पत्त्यावर येऊन ‘आढळला नाही’ असा शेरा मारून गेले, की तिकडे माणूस अडकलाच.

मुस्लिम नावांचा प्रश्न यात आणखी भर घालतो. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, रेशन कार्डावर ‘महंमद’. ‘शेख’ कुठे पुढे, कुठे मागे. बाईचे नाव लग्नाआधी ‘बी’ लावून, लग्नानंतर ‘बानो’ लावून, तर मुलाच्या शाळेत नवऱ्याच्या नावासह. गावात, मोहल्ल्यात यात कोणाला काही खटकत नाही. संगणकाला मात्र ही चार वेगवेगळी माणसे वाटतात. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश देणे बंद केले. आडनाव न लावणाऱ्या अनेक घरांना तेव्हा विमानतळावरच हे कळले. भारतातही नियम घट्ट होत आहेत. २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. म्हणजे आज वॉर्ड ऑफिसात बाळाच्या नावाचे स्पेलिंग तपासायचा कंटाळा केला, तर त्याची किंमत ते बाळ वीस वर्षांनी परदेशात मोजेल.

हजच्या बाबतीत समाजाने हा बदल एकदा पचवलेला आहे. पूर्वी भारतीय हज यात्रेकरू खास हज पासपोर्टवर जात. २००९ पासून सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. खेड्यापाड्यांतल्या हजारो वृद्धांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. त्या निमित्ताने कित्येक घरांत जन्मतारीख, नाव, पत्ता यांचा मेळ पहिल्यांदाच बसवला गेला. २०२५ मध्ये भारताचा हज कोटा १,७५,०२५ होता. हज यात्रेत पासपोर्ट व्यवस्थापनाकडे जमा असतो आणि यात्रेकरूची तिथली ओळख हातातला पट्टा आणि आता नुसुक कार्ड यांवर चालते. उमऱ्याला खासगी टूरबरोबर जाणाऱ्यांचे मात्र तसे नसते. गटाचे सगळे पासपोर्ट एका पिशवीत, पिशवी एका माणसाकडे आणि तो माणूस तरावीहच्या गर्दीत. अशा वेळी पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत प्रत्येकाकडे स्वतंत्र असणे, हॉटेलचे नाव आणि टूरवाल्याचा सौदीतला क्रमांक कागदावर लिहिलेला असणे, एवढीही तयारी पुष्कळ होते. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या मोबाइलवर सगळे आहे, हे पुरेसे नाही. मोबाइलही त्याच पिशवीत असतो.

वाटेवरच्या माणसाचा हिस्सा

इस्लामने प्रवाशाची अडचण फार गांभीर्याने घेतली आहे. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, नमाज कमी करण्याची सवलत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट जकातीची. कुरआनच्या सूरह अत्-तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटेचा लेक, प्रवासी, हा शेवटचा. धर्मशास्त्राच्या जाणकारांनी याचा अर्थ लावताना एक बारीक गोष्ट सांगितली आहे. हा माणूस आपल्या घरी सधन असला, तरी वाटेत त्याचा आपल्या मालाशी संबंध तुटला असेल तर तो जकातीला पात्र ठरतो. घरी चार खोल्या असलेला माणूस परक्या शहरात कागद आणि पैसा हरवून बसला तर त्या क्षणी तो निर्धन आहे, हे इतक्या जुन्या काळी ओळखले गेले होते.

आज रमजानमध्ये जकात निघते ती बहुतेक मदरसे, विधवा, रुग्ण आणि कर्जबाजारी यांच्याकडे वळते. ते योग्यच आहे. पण आठवा हिस्सा कारवाँ आणि उंटांच्या काळातला समजून बाजूला ठेवला जातो. तो काळ गेला, प्रवासी गेलेला नाही. आउटपास मिळाला पण तिकिटाला पैसे नाहीत, असा ड्रायव्हर तोच आहे. व्हिसाची मुदत संपून रोज दंड चढणारी घरकाम करणारी बाई तीच आहे. सरकारी निधी आहेच, पण त्याला कागद लागतात, पात्रता लागते, वेळ लागतो. मधल्या दिवसांचा खर्च, कोकणातल्या गावाहून मुंबईला कागदांसाठी मारायच्या फेऱ्या, वकिलाची नोटीस, यांना समाजाच्या हातभाराची जागा आहे.

मुंबईला ही परंपरा नवी नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हजला निघालेल्या दूरदूरच्या माणसांना बोटीची वाट पाहताना छप्पर मिळावे म्हणून उभा राहिला. तेव्हा प्रवाशाची गरज छपराची होती. आज ती कागदाची आहे. अंधेरीतल्या मशिदींच्या समित्या रमजानमध्ये इफ्तारची, रेशनच्या किटची चोख व्यवस्था करतात. त्याच मनुष्यबळातून आठवड्याला एक संध्याकाळ कागदांसाठी काढता येईल. घरात कोण परदेशी जाणार आहे, त्याच्या नावाचे स्पेलिंग सगळीकडे एक आहे का, एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासून देणे, कराराची प्रत घरी ठेवून घेणे, ‘मदद’वर तक्रार भरून देणे, ही कामे मोहल्ल्यातली कॉलेजात जाणारी मुले-मुली सहज करू शकतील. यात मोठा खर्च नाही. वेळ आणि विश्वास एवढेच भांडवल लागते.

यामागचे दोन विचारही परके नाहीत. कुरआनमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार घेण्याविषयी आहे. तरीही ‘ओळखीचाच एजंट आहे, कागद कशाला’ म्हणत लाख-दीड लाख हातावर ठेवणारे कमी नाहीत. दुसरा विचार अमानतीचा. ज्याची ठेव त्याला परत करा, हा आदेश सूरह अन्-निसामध्ये आहे. पासपोर्ट कपाटात बंद करणारा कफील अनेकदा रोजेदार असतो, नमाजी असतो. दुबईत किंवा दम्माममध्ये कामगार ठेवणारे भारतीय, मुंबईकर मालकही त्याला अपवाद नाहीत. रमजानमध्ये आपली जकात मोजणाऱ्या प्रत्येक मालकाने एकदा तिजोरीही तपासावी. तिच्यात दुसऱ्याची अमानत पडून असेल, तर ती परत करण्यासाठी ईदची वाट पाहण्याचे कारण नाही.